मायकल डन यांच्यासाठी ऑस्कर अकादमीला खुलं पत्र

प्रति,
नियामक मंडळाचे सर्व सदस्य,
अकादमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस, लॉस एंजेलिस

स. न. वि. वि.

१८ एप्रिल १९६६ रोजी सांता मोनिकामध्ये झालेल्या तुमच्या सोहळ्यात सहाय्यक अभिनेत्याच्या पुरस्कारासाठी पाच नावं होती. मार्टिन बाल्सम, इयन बॅनन, टॉम कोर्टने, फ्रँक फिनले आणि मायकल डन. पुरस्कार बाल्सम यांना मिळाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते चांगलेच नट होते.

मला बोलायचं आहे ते डन यांच्याबद्दल. त्यांची उंची तीन फूट दहा इंच होती. नटांची नामांकनं तुमच्याकडे नटच ठरवतात. म्हणजे त्या वर्षी स्वतः अभिनय करणाऱ्या माणसांनी मतं देऊन मान्य केलं होतं की 'शिप ऑफ फूल्स' या चित्रपटातलं डन यांचं काम पहिल्या पाचांत बसणारं आहे. त्यानंतर त्यांना सात वर्षांचं आयुष्य मिळालं. त्या सात वर्षांत हॉलिवूडने त्यांच्याकडून काय करून घेतलं ते बघताना मला अजूनही राग येतो, आणि हे पत्र त्या रागातूनच लिहितो आहे.

मराठीतून का, असा प्रश्न पडेल म्हणून सांगतो. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी तुमचा पुरस्कार मिळाला. भारतातल्या कुणालाही मिळालेला तो पहिला ऑस्कर. २०१२ मध्ये त्यांनी तो बाहुला पुन्हा तुमच्याकडे पाठवला, कारण आपल्यामागे तो तुमच्याकडेच नीट जपला जाईल अशी त्यांची खात्री होती. आमच्या एका थोर कलावंत बाईने ज्या संस्थेवर इतका विश्वास टाकला, तिला आपल्या भाषेत चार गोष्टी सांगण्याचा हक्क मराठी प्रेक्षकाला आहे असं मी मानतो.

डन यांचं मूळ नाव गॅरी नील मिलर. जन्म २० ऑक्टोबर १९३४, ओक्लाहोमातलं शॅटक हे गाव. लहानपण डेट्रॉइटच्या परिसरात गेलं. पाठीचा कणा आणि सांधे यांची वाढ बिघडवणारा जन्मजात अस्थिविकार त्यांना होता. त्यामुळे उंची खुंटली, खुबे कायमचे दुखरे झाले, आणि छातीचा पिंजरा असा वेडावाकडा वाढला की फुप्फुसांना जागा पुरेना. शाळेच्या लोकांचा आग्रह होता की या मुलाला अपंग मुलांच्या वेगळ्या शाळेत घाला. आईवडिलांनी ऐकलं नाही. मुलगा हुशार होता, वाचनाचा नाद होता, पुढे मायामी विद्यापीठात शिकला, गळाही उत्तम होता. मधे काही काळ कॅपुचिन या ख्रिस्ती पंथाच्या मठात राहून धर्मबंधू व्हायचाही प्रयत्न झाला, पण तिथल्या कष्टाच्या दिनक्रमाला शरीर पुरलं नाही. मग न्यूयॉर्क आणि नाटक.

ऑक्टोबर १९६३ मध्ये ब्रॉडवेवर 'द बॅलड ऑफ द सॅड कॅफे' हे नाटक आलं. कार्सन मॅकलर्स यांच्या कथेवरून एडवर्ड अल्बी यांनी केलेलं. त्यात कझन लायमन नावाचा एक कमी उंचीचा, कुबड असलेला माणूस आहे. तो एका राकट, एकट्या बाईच्या आयुष्यात येतो, तिला माणसांत आणतो, आणि शेवटी तिचा सर्वनाश करतो. दया यावी असा तो नाही, दुष्ट म्हणून बाजूला सारावा असाही नाही. कॉलीन ड्यूहर्स्ट यांच्यासमोर उभं राहून डन यांनी तो लायमन केला आणि टोनी या अमेरिकन रंगभूमीच्या मोठ्या पुरस्काराच्या नामांकनापर्यंत गेले. नाटकाचे १२३ प्रयोग झाले. नीट उभं राहणंसुद्धा ज्याला त्रासाचं होतं, त्या माणसाने रोज रात्री रंगमंचावर काय किंमत मोजली असेल, हे तुमच्यातल्या नाटकाच्या माणसांना मी सांगायला नको.

आता 'शिप ऑफ फूल्स'कडे येतो. स्टॅन्ली क्रेमर यांनी कॅथरीन ॲन पोर्टर यांच्या कादंबरीवरून केलेला हा चित्रपट तुमच्या दप्तरी आठ नामांकनांसह नोंदलेला आहे. १९३३ सालची गोष्ट, मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझहून जर्मनीला निघालेलं जहाज, आणि त्यावर एक अख्खं युरोप भरलेलं. चित्रपटाचं पहिलं बोलणं डन यांच्या तोंडी आहे. कठड्याला टेकून ते थेट आपल्याकडे बघतात, आपलं नाव कार्ल ग्लोकन असं सांगतात, हे मूर्खांचं जहाज आहे आणि मीही त्यातलाच एक, असं म्हणतात. इथे कदाचित तुम्ही स्वतःलाही भेटाल, असंही सुचवतात. शेवटीही तेच येतात आणि प्रेक्षकाला छेडतात की या सगळ्याचा तुमच्याशी काय संबंध, असंच म्हणताय ना? व्हिव्हियन ली, सिमोन सिन्योरे, ऑस्कर वेर्नर, ली मार्विन अशी मातबर मंडळी चित्रपटात आहेत, पण प्रेक्षकाचा हात धरून जहाजावर नेण्याचं आणि उतरवण्याचं काम क्रेमर यांनी डन यांच्यावर सोपवलं. सूत्रधार, म्हणजे ज्याच्या शहाणपणावर प्रेक्षकाने विसंबायचं असा माणूस. कमी उंचीच्या नटाला अमेरिकन चित्रपटाने ही जागा त्याआधी किती वेळा दिली होती?

जहाजावरच्या जेवणघरात ग्लोकनला कप्तानाच्या टेबलावर जागा नाही. ज्यू फेरीवाला लोवेन्थाल आणि ग्लोकन या दोघांची पानं वेगळ्या टेबलावर मांडली जातात. बाकीच्या सभ्य प्रवाशांना त्यांची अडचण नको, म्हणून. हाइन्त्स र्‍यूमान आणि डन यांनी त्या छोट्या टेबलावर जे केलं आहे ते मला सबंध चित्रपटात सर्वांत मोलाचं वाटतं. दोघांनाही आपण इथे का बसलो आहोत हे कळतं, आणि दोघंही त्याचा उच्चार न करता एकमेकांशी इतक्या सभ्यतेने वागतात की कप्तानाचं टेबल आपोआप उघडं पडतं. लोवेन्थाल बिचारा आशावादी. जर्मनीत जवळजवळ दहा लाख ज्यू आहेत, सगळ्यांना काय मारून टाकणार आहेत का, असं तो विचारतो. ग्लोकनला त्याच्यापेक्षा जास्त दिसतं आहे. डन ते मोठ्याने काही करून दाखवत नाहीत. किंचित तिरकं हसू, एखादा खोल श्वास, आणि ते भारदस्त स्वरातलं बोलणं, बस्स. आपल्या ढासळलेल्या बेसबॉल कारकिर्दीचं दुःख दारूच्या नशेत उगाळणाऱ्या ली मार्विनबरोबरचा प्रसंगही असाच. तिथे तर मोठा, दणकट गडी रडतो आहे आणि सांत्वन हा छोटा माणूस करतो आहे.

त्याच चित्रपटात, कप्तानाच्या टेबलावर बसून ज्यूंविरुद्ध विष ओकणारा रीबर झाला आहे होसे फेरर. फेरर मोठे नट होते, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण १९५२ च्या 'मूलाँ रूज'मध्ये त्यांनी चित्रकार तुलूझ-लोत्रेक साकारला तो गुडघ्यांवर चालून. पाय मागे बांधून, गुडघ्यांना खास गाद्या लावून. त्या भूमिकेसाठी तुम्ही त्यांना मुख्य अभिनेत्याचं नामांकन दिलंत. म्हणजे १९६५ च्या त्या एकाच जहाजावर दोन नट आहेत. एकाने कमी उंचीचा माणूस गुडघ्यांवर चालून केला आणि तो नायक ठरला. दुसरा जन्मभर त्या शरीरात राहिला, आणि त्याच्या वाट्याला आयुष्यात एकदाच असा चित्रपट आला. कुणी मुद्दाम ठरवून हे केलं असं मी म्हणत नाही. पण हे तुमच्याच नोंदींमध्ये आहे, आणि ते कुणी शेजारीशेजारी ठेवून बघितलेलं नाही.

(आमचा सिनेमा यात मागे नाही. गुडघ्यांत पाय दुमडून कमल हासन यांनी केलेला 'अप्पू राजा'मधला अप्पू आम्ही डोक्यावर घेतला, आणि त्यांच्या मेहनतीचं कौतुक करताना खऱ्या कमी उंचीच्या नटाची आठवण आम्हालाही झाली नाही.)

नामांकनानंतर काय झालं? दूरचित्रवाणीवर 'द वाइल्ड वाइल्ड वेस्ट' या मालिकेत डॉ. मिगेलिटो लव्हलेस नावाचा खलनायक डन यांनी दहा भागांत केला. ही भूमिका नामांकनाच्या आधीच, १९६५ मध्ये सुरू झाली होती. लव्हलेस खलनायक खरा, पण विलक्षण बुद्धिमान, संगीतप्रेमी, आणि आपल्या घराण्याची हिरावलेली कॅलिफोर्नियातली जमीन परत मागणारा. त्या जमिनीवर त्याला मुलांसाठी जग वसवायचं असतं. डन आणि त्यांच्याबरोबर नाइटक्लबमध्ये गाणाऱ्या फीबी डोरिन या मालिकेतही एकत्र गायच्या. ज्यांनी हे भाग पाहिले आहेत त्यांना ते अचानक सुरू होणारं युगुलगीत विसरता येत नाही. दूरचित्रवाणीने निदान या माणसाच्या मेंदूला आणि गळ्याला काम दिलं.

नोव्हेंबर १९६८ मध्ये 'स्टार ट्रेक' या अंतराळमालिकेचा एक भाग प्रसारित झाला, 'प्लेटोज स्टेपचिल्ड्रन'. गोरा कप्तान कर्क आणि कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा यांच्या चुंबनामुळे तो इतिहासात गेला आणि त्या इतिहासात डन झाकले गेले. त्यांचा अलेक्झांडर हा एका परग्रहावरच्या शक्तिमान लोकांचा विदूषक आहे. मनाच्या बळाने वस्तू हलवण्याची ताकद सगळ्यांकडे आहे, फक्त याच्याकडे नाही. कर्क त्याला सांगतो की ही ताकद तुलाही मिळवता येईल. तो ती नाकारतो. माझा छळ करणाऱ्यांसारखं मला व्हायचंच नाही, मला फक्त इथून बाहेर पडायचं आहे. हा प्रसंग भाबडा होण्याचा पुरेपूर धोका होता. डन यांनी तो रागाने केला, गळा न काढता, आणि म्हणून आज तो टिकून आहे.

चित्रपटांत मात्र वाट उताराची होती. १९६८ च्या 'नो वे टू ट्रीट अ लेडी'मधल्या कुपरमनला एकच बरा प्रसंग आहे, पण तो प्रसंग म्हणजे हिरा. शहरातले खून मीच केले असा कबुलीजबाब द्यायला हा माणूस पोलीस ठाण्यात येतो. त्याची उंची बघून पोलीस विश्वास ठेवत नाहीत, तेव्हा तो त्यांच्यावर पूर्वग्रहाचा आरोप करतो. काही मिनिटांत डन यांनी विनोद, वेड आणि अपमान असं सगळं दाखवलं. 'मॅडिगन', 'बूम', 'जस्टिन' यांत छोटी कामं. आणि त्यापुढे, एका वेड्या शास्त्रज्ञाचा बुटका नोकर, एका जत्रेतल्या विद्रूप माणसांचा बुटका म्होरक्या. नावंच बघा, 'फ्रँकेन्स्टाइन्स कॅसल ऑफ फ्रीक्स', 'द म्यूटेशन्स'. ज्या माणसाने सूत्रधार म्हणून प्रेक्षकाला विश्वासात घेतलं होतं, त्याला पुन्हा अंधाऱ्या तळघरात नेऊन उभं केलं. ३० ऑगस्ट १९७३ ला लंडनमध्ये, 'द ॲब्डिकेशन'चं काम चालू असताना, हॉटेलच्या खोलीत त्यांचा मृत्यू झाला. वय ३८. आत्महत्येच्या वावड्या उठल्या. खरं कारण होतं फुप्फुसांच्या विकाराने थकलेलं हृदय.

आणि मेल्यानंतरही त्यांची भूमिका त्यांच्या माणसांकडे राहिली नाही. १९९९ मध्ये 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट'वर मोठा चित्रपट निघाला. त्यात लव्हलेस झाले केनेथ ब्रॅना. पात्राची उंची काढून टाकली आणि त्याऐवजी दोन्ही पाय नसलेला माणूस दाखवला, तोही संगणकाच्या करामतीने. कमी उंचीच्या नटासाठी अमेरिकन दूरचित्रवाणीने घडवलेली सर्वांत बुद्धिमान भूमिका, आणि ती परत आली तेव्हा तिच्यात त्या नटांपैकी कुणीच नाही.

डन एकटे असते तर एका दुर्दैवी नटाची गोष्ट म्हणून मी ती सोडूनही दिली असती. पण तुमच्या सुवर्णकाळाच्या कुठल्याही कोपऱ्यात बघा. १९३९ च्या 'विझार्ड ऑफ ऑझ'मध्ये मंचकिन नावाच्या बुटक्या लोकांच्या गावात सव्वाशेच्या आसपास कमी उंचीचे कलावंत आहेत. श्रेयनामावलीत त्यांच्यापैकी एकाचंही नाव नाही. सगळ्यांचं मिळून एक नाव, तेही त्यांना आणणाऱ्या मालकाचं, 'सिंगर मिजेट्स'. बहुतेकांचे आवाजसुद्धा दुसऱ्यांचे. त्यांच्यातल्या कलावंतांनी पुढे सांगितलं की आठवड्याला ५० डॉलर हातात पडायचे, आणि टोटो कुत्र्यासाठी १२५ डॉलर दिले जायचे. त्याच्या आदल्या वर्षी 'द टेरर ऑफ टायनी टाउन' आला. सगळे कमी उंचीचे नट, शेटलंड तट्टांवर बसलेले काउबॉय, गुत्त्याच्या झुलत्या दारांखालून सरळ चालत जाणारे. चित्रपटभर एकच विनोद, आणि तो त्यांच्या शरीरावर. १९३२ च्या 'फ्रीक्स'मध्ये हॅरी अर्ल्स यांनी प्रेमात फसलेल्या माणसाचं जे दुःख दाखवलं ते मूकपटांतल्या मोठ्या नटांच्या तोडीचं आहे, पण त्या चित्रपटाकडे बघायचं कसं यावरच लोक इतकं भांडले की अभिनयाबद्दल बोलायचं राहूनच गेलं. अर्ल्स आणि त्यांच्या बहिणींचं आयुष्य मुख्यतः सर्कशीत गेलं. अँजेलो रोसिटो १९२७ पासून १९८५ च्या 'मॅड मॅक्स'पर्यंत पडद्यावर दिसत राहिले, आणि दोन चित्रपटांच्या मधल्या काळात पोटासाठी हॉलिवूडमध्ये वर्तमानपत्रांचा ठेला चालवत राहिले.

बिली बार्टी यांचं नाव तुम्हाला सांगायला नको. त्यांची उंची होती तीन फूट नऊ इंच. १९३३ मध्ये, म्हणजे आठ-नऊ वर्षांचे असताना, नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कले यांच्या संगीतिकांमध्ये ते तान्हं बाळ झाले होते, नर्तिकांच्या मागे पळणारं आगाऊ बाळ. पुढे पत्रकारितेचं शिक्षण घेतलं, महाविद्यालयात फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळले. पण १९७५ चा 'द डे ऑफ द लोकस्ट' येईपर्यंत त्यांच्यातल्या खऱ्या नटाला पुरेसं खाद्य मिळालं नाही. त्यात त्यांनी केलेला चिडका, भांडखोर एब कुसिक बघा. हॉलिवूडच्या दाराबाहेर ताटकळणाऱ्या माणसाची कडवट आग त्यात आहे आणि ती उसनी नाही. बार्टी यांचं खरं मोठेपण पडद्याबाहेर आहे. १९५७ मध्ये नेवाडातल्या रीनो शहरात त्यांनी आपल्यासारख्या वीसेक माणसांना बोलावलं. तिथून 'लिटल पीपल ऑफ अमेरिका' ही संघटना उभी राहिली. डॉक्टर, नोकऱ्या, लग्न, मुलांचं शिक्षण, सगळ्यांसाठी एकमेकांचा आधार. चित्रपटाने ज्यांना घोळक्यातच दाखवलं, त्या माणसांना बार्टी यांनी नावगाव असलेला समाज मिळवून दिला.

तुम्ही म्हणाल, हा इतिहास झाला, आम्ही काय करणार? पण तुम्हाला इतिहास वेगळा घडवता येतो हे तुम्ही स्वतः दाखवलेलं आहे. १९४७ मध्ये 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज'साठी हॅरल्ड रसेल यांना सहाय्यक अभिनेत्याचं नामांकन होतं. युद्धकाळात प्रशिक्षणाच्या अपघातात त्यांचे दोन्ही हात गेले होते. ते जिंकणार नाहीत असं धरून तेव्हाच्या नियामक मंडळाने त्यांना आधीच एक मानद पुरस्कार देऊन टाकला. आणि त्याच रात्री सभासदांच्या मतांनी ते खऱ्या स्पर्धेतही जिंकले. एकाच भूमिकेचे दोन ऑस्कर, तुमच्या इतिहासात असं दुसरं उदाहरण नाही. मंडळाला त्यांच्यात धैर्य दिसलं, मतदारांना अभिनय दिसला. मी या पत्रात मतदारांच्या बाजूने बोलतो आहे. मात्र पुरस्कारानंतर रसेल यांनाही पुढे फारसं काम मिळालं नाही. दिग्दर्शक विल्यम वायलर यांनीच त्यांना परत शिकायला जाण्याचा सल्ला दिला, कारण हात नसलेल्या नटाला भूमिका कुठून आणायच्या? रसेल आणि डन यांच्यामध्ये एकोणीस वर्षांचं अंतर आहे आणि गोष्ट तीच आहे. शाबासकी मिळते, भूमिका मिळत नाहीत.

भूमिका मिळण्यासाठी काय करता येईल हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही ते एका बाबतीत करून पाहिलं आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी समावेशनाचे निकष तुम्ही २०२० मध्ये जाहीर केले आणि २०२४ च्या सोहळ्यापासून ते लागू झाले. पडद्यावरच्या प्रतिनिधित्वाचा जो पहिला निकष आहे, त्यात तीन वाटा आहेत. दुय्यम आणि किरकोळ भूमिकांच्या वाटेत अपंग कलावंत धरले आहेत. कथेच्या विषयाच्या वाटेतही अपंगत्व धरलं आहे. पण मुख्य किंवा महत्त्वाच्या सहाय्यक भूमिकेची जी पहिली वाट आहे, तिच्यात फक्त वांशिक प्रतिनिधित्व मोजलं जातं. ते मोजायलाच हवं, मी त्याच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. पण या मांडणीचा अर्थ काय होतो ते बघा. अपंग माणूस कथेचा विषय होऊ शकतो, गर्दीत उभा राहू शकतो. मोठ्या भूमिकेत तो उभा राहिला तर तुमच्या तक्त्यात त्याची नोंद नाही. डन आज असते, आणि त्यांनी ग्लोकन केला असता, तर पहिल्या वाटेवर त्यांचं वजन शून्य धरलं गेलं असतं.

म्हणून माझी मुख्य मागणी ही, की त्या पहिल्या वाटेत शारीरिक अपंगत्व असलेल्या कलावंतांचा समावेश करा. आणि तो करताना भूमिका अपंग व्यक्तीचीच असावी अशी अट घालू नका. हे मी फार विचार करून लिहितो आहे. कमी उंचीची पात्रं कमी उंचीच्या नटांनी करावीत हे तर झालंच पाहिजे, पण तेवढ्यावर थांबलो तर ते पुन्हा जत्रेच्या आणि परीकथेच्या कुंपणातच राहतील. २०१४ च्या 'एक्स-मेन'मध्ये पीटर डिंकलेज या कमी उंचीच्या नटाने बोलिव्हार ट्रास्क हा शस्त्रनिर्माता शास्त्रज्ञ केला. त्याच मालिकेतल्या आधीच्या चित्रपटात त्याच नावाचं पात्र बिल ड्यूक या उंचापुऱ्या नटाने केलं होतं. डिंकलेज यांच्या उंचीबद्दल चित्रपटात एक वाक्य नाही, आणि प्रेक्षकांचं त्यावाचून काहीही अडलं नाही. डॉक्टर, वकील, शेजारी, बाप, न्यायाधीश, यांतल्या कुठल्या भूमिकेला पाच फूट आठ इंच लागतात?

'स्नो व्हाइट'वरून झालेला वाद तुमच्या समोर आहेच. २०२२ मध्ये डिंकलेज यांनी त्या कथेतल्या गुहेतल्या सात बुटक्यांबद्दल नाराजी बोलून दाखवली. त्यानंतर २०२५ मध्ये आलेल्या चित्रपटात ती सात पात्रं संगणकावर तयार केलेली होती. तेव्हा कमी उंचीचे काही नट म्हणाले की आमची हक्काची सात कामं गेली. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. ती कथा जुनाट आहे हे डिंकलेज यांचं म्हणणं बरोबर, आणि ज्याला वर्षभरात दुसरं काम दिसत नाही त्याची चिडही बरोबर. सात भूमिकांवरून भावंडांत भांडण लागतं, कारण बाकीच्या हजारो भूमिकांची दारं लावलेली आहेत. ती दारं तुम्हाला थोडी तरी उघडता येतात.

पात्रनिवडीच्या कलेलाही तुम्ही आता स्वतंत्र ऑस्कर सुरू केला आहे, २०२५ च्या चित्रपटांपासून. फार योग्य निर्णय. त्या शाखेच्या सभासदांना माझी वेगळी विनंती आहे. मत देताना चित्रपटातल्या एखाद्या भूमिकेसाठी कुणाला बोलावलं गेलं एवढंच बघू नका, कुणाला बोलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही तेही बघा. १९६५ मध्ये ग्लोकनच्या भूमिकेसाठी डन यांना घेणं ही पात्रनिवड होती. तेव्हा त्यासाठी बक्षीस नव्हतं.

दुसरी मागणी विल्शायर बुलेव्हार्डवरच्या तुमच्या संग्रहालयाकडे. तिथे 'ऑझ'मधले माणिकरंगी बूट मोठ्या निगुतीने जपलेले आहेत. मंचकिन झालेल्या प्रत्येक कलावंताचं नाव आणि त्याची भूमिका तितक्याच निगुतीने, कायमस्वरूपी, लोकांना वाचता येईल अशी लावा. त्यांच्यातले शेवटचे जेरी मॅरेन २०१८ मध्ये गेले, आता सांगायला कुणी उरलं नाही. आणि तुमच्या चित्रपटगृहात डन, बार्टी, अर्ल्स, रोसिटो यांच्या कामाचा एक सलग महोत्सव भरवा. त्यात 'शिप ऑफ फूल्स' तर हवाच, पण 'स्टार ट्रेक'चा तो भाग आणि लव्हलेसची गाणीही हवीत, कारण डन यांचं अर्धं उत्तम काम छोट्या पडद्यावर आहे. चर्चेला विद्वान बोलवा, पण आज काम करणारे कमी उंचीचे नटही व्यासपीठावर असू द्या. आणि एक साधी गोष्ट, ते व्यासपीठ, तो माइक आणि त्या खुर्च्या त्यांच्या उंचीला सोयीच्या ठेवा.

पुढच्या वर्षीचे निकष ठरवण्यासाठी तुमची बैठक होईल तेव्हा पहिल्या वाटेतल्या बदलाचा मुद्दा विषयपत्रिकेवर घ्यावा. मंडळाने तो नाकारला तर कारणं जाहीर करावीत, म्हणजे 'लिटल पीपल ऑफ अमेरिका'ला आणि त्या नटांना त्यावर बोलता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मराठी चित्रपटप्रेमी